अश्लीलतेचे खटले आणि अनुबोधपटाची साक्ष

‘पोर्नोग्राफी’ ह्या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून ‘वेश्यांविषयीचे लेखन’ असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ आहे. सामाजिक चर्चेत हा शब्द आज सर्वत्र आढळतो; परंतु कायद्याच्या परिभाषेत त्यास फारसे स्थान लाभलेले नाही. इंग्लंड, अमेरिका व भारत ह्या देशांतील न्यायालयांनी ज्या कल्पनेचा दीर्घकाळ ऊहापोह केला ती कल्पना ‘अश्लीलता’ होय. ह्या दोन शब्दांतील भेद प्रारंभीच ध्यानात घेतला पाहिजे. पोर्नोग्राफी म्हटल्याने कृतीचा प्रकार कळतो. अश्लील म्हटल्याने तिच्याविषयीचा निवाडा कळतो. कामोद्दीपनासाठी निर्माण झालेली प्रत्येक कृती कायद्याने अश्लील ठरतेच असे नाही, आणि अश्लील ठरलेल्या कृतींत गंभीर वाङ्मयाचीही गणना झालेली आहे.

प्रस्तुत लेखात दोन अनुबोधपटांच्या आधारे ह्या विषयाच्या सांस्कृतिक व विधिविषयक परिणामांचे विवरण करण्याचे योजिले आहे. पहिला अनुबोधपट अमेरिकेतील असून तो २००५ सालचा आहे. दुसरा कॅनडातील असून तो १९८१ सालचा आहे. दोहोंची तुलना केली असता असे दिसून येते की, अनुबोधपटकार ज्या व्यक्तीस प्रमुख साक्षीदार म्हणून पुढे आणतो तिच्या निवडीबरोबरच तो कायद्याचा एक विशिष्ट प्रश्नही पत्करतो, आणि मग दुसरा प्रश्न प्रेक्षकाच्या दृष्टीआड जाण्याचा संभव निर्माण होतो.

ग्रंथांसाठी घडलेला कायदा

अश्लीलतेचा कायदा मुख्यतः छापील मजकुराच्या संदर्भात घडला. इंग्लंडमध्ये १८६८ साली हिक्लिन खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न ह्यांनी जी कसोटी सांगितली ती प्रसिद्धच आहे. ज्यांची मने अशा अनिष्ट प्रभावास वश होण्याजोगी आहेत व ज्यांच्या हाती असे लेखन पडू शकते, त्यांस भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती त्या लेखनात आहे काय, असा तो प्रश्न होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रॉथ खटल्यात ही कसोटी बाजूस सारली. दुर्बळ मनाच्या वाचकाऐवजी सर्वसामान्य व्यक्ती, सुट्या उताऱ्याऐवजी समग्र कृती आणि न्यायाधीशाच्या अभिरुचीऐवजी समाजाचे समकालीन मानदंड ही मापे त्या निकालाने घालून दिली. मात्र अश्लील अभिव्यक्तीस घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण नाही, हेही त्याच निकालात न्यायमूर्ती ब्रेनन ह्यांनी स्पष्ट केले.

पुढील काळात हे माप कसे लावावे ह्याविषयी न्यायमूर्तींत एकमत होऊ शकले नाही. लुई माल ह्यांच्या ‘ले झामाँ’ ह्या फ्रेंच चित्रपटावरील खटल्यात (१९६४) न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट ह्यांनी, आपणांस व्याख्या करता येत नसली तरी पाहताच ओळखता येते, अशा आशयाचे जे उद्गार काढले, ते ह्या गोंधळाचे द्योतक म्हणून आजही उद्धृत केले जातात. १९६६ साली ‘फॅनी हिल’ ह्या अठराव्या शतकातील कादंबरीच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी असे मत दिले की, कृतीत सामाजिक मूल्याचा पूर्ण अभाव सिद्ध झाल्यावाचून ती अश्लील ठरविता येत नाही. ह्या मताच्या मागे न्यायालयाचे बहुमत नव्हते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ह्या सर्व कसोट्यांत एक गोष्ट समान आहे. त्या सर्व वाचकाकडे, प्रेक्षकाकडे किंवा समाजाकडे पाहतात. ग्रंथाच्या बाबतीत हे स्वाभाविक होते. कारण कादंबरीतील पात्रास देह नसतो. लेखकाने वर्णिलेला प्रसंग कोणावरही प्रत्यक्ष ओढवलेला नसतो. चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. पडद्यावर जो समागम दिसतो तो कॅमेऱ्यापुढे कोणा जिवंत स्त्रीपुरुषांकडून करविलेला असतो. तो त्यांनी स्वेच्छेने केला काय, हा प्रश्न ग्रंथाविषयी उद्भवतच नाही. चित्रपटाविषयी तो सर्वांच्या आधी उद्भवावयास हवा. ग्रंथांसाठी घडलेल्या कायद्यात मात्र त्यास जागा नव्हती.

एक चित्रपट, तीन खटले

‘डीप थ्रोट’ हा चित्रपट जून १९७२ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक जेरार्ड दामियानो हे पूर्वी स्त्रियांच्या केशभूषेचा व्यवसाय करीत असत. चित्रीकरण फ्लॉरिडा राज्यात काही दिवसांतच उरकण्यात आले होते. खर्च सुमारे २५ हजार डॉलर झाल्याचे सांगितले जाते. भांडवल पेराइनो कुटुंबातून आले व त्या कुटुंबाचे संबंध न्यूयॉर्कमधील कोलंबो गुन्हेगारी टोळीशी होते. प्रमुख स्त्री-भूमिका लिंडा बोरमन ह्यांनी ‘लिंडा लव्हलेस’ ह्या नावाने केली. पुरुष-भूमिकेत हॅरी रीम्स होते.

असे चित्रपट तोवर चोरून पाहण्याची वस्तू होती. ह्या चित्रपटास मात्र मध्यमवर्गीय दांपत्ये व नामवंत लेखक-कलावंतही उघडपणे रांगेत उभे राहू लागले. जानेवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकाने ह्या नव्या प्रघातास ‘पोर्नो शिक’ असे नाव दिले. वॉशिंग्टन पोस्टच्या संपादकीय विभागाने वॉटरगेट प्रकरणातील आपल्या गुप्त माहितगारास ह्याच चित्रपटाचे नाव दिले. तो माहितगार म्हणजे मार्क फेल्ट होत, हे मे २००५ मध्ये उघड झाले.

ह्याच सुमारास शासनाची भूमिका उलट दिशेने कठोर होत होती. अमेरिकन काँग्रेसने १९६७ साली नेमलेल्या आयोगाने १९७० साली असे सुचविले होते की, प्रौढांनी स्वेच्छेने असे साहित्य पाहण्यावरील कायदेशीर बंदी उठवावी. सिनेटने तो अहवाल ६० विरुद्ध ५ मतांनी फेटाळला व राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनीही तो अमान्य केला. अशा वातावरणात ‘डीप थ्रोट’वर ठिकठिकाणी खटले झाले. त्यांपैकी तीन विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला खटला न्यूयॉर्क येथील. चित्रपटसमीक्षक व लैंगिक शास्त्राचे तज्ज्ञ ह्यांच्या साक्षी होऊनही मार्च १९७३ मध्ये न्यायाधीश टायलर ह्यांनी चित्रपट अश्लील ठरविला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २१ जून १९७३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मिलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी नवी त्रिविध कसोटी सांगितली. सर्वसामान्य व्यक्तीने समकालीन सामाजिक मानदंडानुसार पाहिले असता समग्र कृती विषयवासनेस आवाहन करते काय. राज्याच्या कायद्यात विशेषत्वाने निर्दिष्ट केलेले लैंगिक वर्तन ती उघडउघड किळसवाण्या रीतीने दाखविते काय. आणि गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय वा शास्त्रीय मूल्य तीत नाही काय, असे हे तीन प्रश्न होत. ‘समाज’ म्हणजे संपूर्ण राष्ट्र नव्हे, हेही ह्या निकालाने मान्य केले. परिणामी न्यूयॉर्कमधील प्रेक्षकास जे चालते ते टेनेसीतील ज्यूरीस चालू नये, ह्यास कायद्याचा आधार मिळाला. रॉथचा निकाल लिहिणारे ब्रेनन ह्या वेळी विरुद्ध बाजूस होते. प्रौढांच्या संदर्भात अश्लीलतेची नेमकी व्याख्या करणे शक्य नाही, ह्या निष्कर्षाप्रत ते येऊन पोहोचले होते.

दुसरा खटला केंटकी राज्यातील असून तो मार्क्स खटला म्हणून ओळखला जातो. आरोपींचे कृत्य मिलर निकालापूर्वीचे होते. खटल्यात मात्र ज्यूरीस मिलरची, म्हणजे आरोपींस अधिक प्रतिकूल, कसोटी लावण्यास सांगण्यात आले. अपील न्यायालयाने त्यास मान्यता देताना म्हटले की, १९६६ च्या मतामागे बहुमत नसल्याने तो कधी कायदा झालाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च १९७७ रोजी हा युक्तिवाद अमान्य केला. बहुमताचे एकच निकालपत्र नसेल तेव्हा, निकालाशी सहमत असणाऱ्या न्यायमूर्तींनी ज्या सर्वांत संकुचित आधारावर सहमती दिली असेल तो आधार म्हणजे न्यायालयाचा निर्णय समजावा, असा नियम त्याने सांगितला. अमेरिकेतील न्यायालये अगदी निराळ्या विषयांवरील विभागलेल्या निकालांचा अर्थ लावताना आजही ‘मार्क्स नियमा’चा आधार घेतात. ज्या खटल्यातून हा नियम निघाला त्यातील एक प्रमुख वस्तू ‘डीप थ्रोट’ची प्रत होती. कायद्यावरील ह्या चित्रपटाचा सर्वांत चिवट ठसा असा अश्लीलतेच्या कक्षेबाहेर उमटला आहे.

तिसरा खटला टेनेसीतील मेंफिस येथील. सरकारी वकील लॅरी पॅरिश ह्यांनी निर्माते-वितरकांबरोबर अभिनेते हॅरी रीम्स ह्यांसही आंतरराज्य कटातील आरोपी केले. चित्रपट ना मेंफिस येथे निर्माण झाला होता, ना रीम्स ह्यांचा त्याच्या वितरणाशी काही संबंध होता. तथापि १९७६ साली ज्यूरीने त्यांस दोषी ठरविले. केवळ भूमिका केल्याबद्दल अभिनेता संघराज्याच्या न्यायालयात अपराधी ठरल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. अ‍ॅलन डर्शोविट्झ ह्यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. रीम्स ह्यांचा सहभाग मिलर निकालापूर्वीच संपला असल्यामुळे १९७७ साली फेरचौकशीचा आदेश झाला व पुढे शासनाने आरोप मागे घेतले.

२००५ चा अनुबोधपट

फेंटन बेली व रँडी बारबाटो ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘इनसाइड डीप थ्रोट’ हा अनुबोधपट जानेवारी २००५ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखविण्यात आला. निर्माते ब्रायन ग्रेझर असून निवेदन डेनिस हॉपर ह्यांचे आहे. नॉर्मन मेलर, गोर व्हिडाल, एरिका जाँग, जॉन वॉटर्स इत्यादिकांच्या मुलाखती, जुनी वृत्तचित्रे व दूरचित्रवाणीवरील संभाषणे ह्यांच्या साह्याने त्या दशकाचे वातावरण उत्तम रीतीने उभे केले आहे. दामियानो, रीम्स व पॅरिश हे तिघेही तीन दशकांनंतर कॅमेऱ्यासमोर येतात, हे ह्या चित्रपटाचे मोठे दस्तऐवजी मूल्य होय. दामियानो २००८ साली व रीम्स २०१३ साली निवर्तले. त्यामुळे ह्या मुलाखतींचे मोल अधिकच वाढले आहे.

चित्रपटाची उभारणी पाहता मेंफिसचा खटला हा त्याचा कळस ठरतो. एका बाजूस बलाढ्य शासन, दुसऱ्या बाजूस काही दिवसांच्या कामापायी कारावासाच्या छायेत आलेला अभिनेता, असा हा सामना आहे. स्वातंत्र्य विरुद्ध दडपशाही हे सूत्र त्यातून सहजच प्रस्थापित होते. ते खोटे आहे असे म्हणता येणार नाही. रीम्स ह्यांच्यावरील खटला ह्या सूत्रात चपखल बसतोही. परंतु ह्या मांडणीस पोषक अशा गोष्टींची जेवढी कठोर छाननी व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही. उदाहरणार्थ, चित्रपटाने ६० कोटी डॉलर मिळविल्याचा जो आकडा येथे पुढे केला आहे तो वादग्रस्त आहे. चित्रपटगृहांतील उत्पन्न गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती होते व काळा पैसा पांढरा करण्यासाठी आकडे फुगविले जात असत, ह्याकडे समीक्षक रॉजर ईबर्ट ह्यांनी त्याच वर्षी लक्ष वेधले होते. संशोधकाने हा आकडा पुरावा म्हणून न घेता दंतकथेच्या वाढीचा नमुना म्हणून घेणे श्रेयस्कर होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न लिंडा बोरमन ह्यांच्या साक्षीचा आहे. १९८० साली ‘ऑर्डील’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले की, तत्कालीन पती चक ट्रेनर ह्यांनी मारहाण करून व शस्त्राचा धाक घालून आपणांकडून हे काम करून घेतले. हा चित्रपट पाहणारा आपल्यावरील बलात्कारच पाहत असतो, असे त्यांचे म्हणणे होते. ट्रेनर ह्यांनी हा आरोप नाकारला, आणि चित्रणाच्या वेळी उपस्थित असलेल्या काहींनीही त्यांच्या कथनाविषयी शंका व्यक्त केल्या. बोरमन ह्यांचे एप्रिल २००२ मध्ये मोटार-अपघातानंतर निधन झाले. त्यामुळे अनुबोधपटात त्या जुन्या चित्रफितींतून व आप्तस्नेह्यांच्या बोलण्यातून दिसतात. त्यांचा आरोप सांगितला जातो, परंतु तो कथेच्या ओघात एक दुःखद उपप्रसंग म्हणून येतो. रीम्स ह्यांस प्रश्न विचारता येतात, त्यांचे उत्तर ऐकता येते. बोरमन ह्यांची बाजू केवळ संकलकाच्या हाती आहे.

हा दोष केवळ दिग्दर्शकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. त्यांनी खटल्यांची कथा सांगितली, आणि खटल्यांनी विचारलेला प्रश्न कृतीच्या अश्लीलतेचा होता. नटीची संमती होती काय, हा न्यूयॉर्क, केंटकी वा मेंफिस येथील कोणत्याही अपराधाचा घटकच नव्हता. ती पूर्ण असती तरी चित्रपट अश्लील ठरला असता. ती नसती, पण चित्रपटात कलामूल्य आढळले असते, तर तो निर्दोष सुटला असता. कायद्याच्या ह्या आंधळेपणाचे प्रतिबिंबच अनुबोधपटाच्या रचनेत पडले आहे.

कॅनडातील उत्तर

बोरमन ह्यांच्या साक्षीस कायद्यात स्थान देण्याचा प्रयत्न १९८३ साली मिनिआपोलिस येथे झाला. कॅथरिन मॅकिनन व अँड्रिया ड्वॉर्किन ह्यांनी तयार केलेल्या नगरनियमात पोर्नोग्राफी हा नीतीविरुद्धचा अपराध न मानता स्त्रियांच्या नागरी हक्कांचा भंग मानला होता आणि जिच्यावर बळजबरी झाली तिला स्वतः दावा लावण्याचा अधिकार दिला होता. डिसेंबर १९८३ मधील सुनावणीत बोरमन ह्यांनी साक्ष दिली. महापौरांनी हा नियम नामंजूर केला. तशाच स्वरूपाचा इंडियानापोलिसचा नियम १९८५ साली संघीय अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला व १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. अशा चित्रणाने स्त्रियांची हानी होते हे गृहीत धरूनही, शासनाने एका विशिष्ट दृष्टिकोनावर बंदी घालणे पहिल्या दुरुस्तीशी विसंगत आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

ह्याच विचारधारेचा अनुबोधपट तत्पूर्वीच कॅनडात निर्माण झाला होता. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात १९७४ साली स्थापन झालेल्या ‘स्टुडिओ डी’ ह्या स्त्रियांच्या विभागाने बॉनी शेर क्लाइन ह्यांच्या दिग्दर्शनाखाली १९८१ साली ‘नॉट अ लव्ह स्टोरी’ हा चित्रपट काढला. मॉन्ट्रियल येथील नर्तिका लिंडा ली ट्रेसी ह्यांस सोबत घेऊन दिग्दर्शिका ह्या व्यवसायाच्या अंतर्भागात जाते आणि तेथील व्यक्तींशी व स्त्रीवादी लेखिकांशी बोलते. येथे प्रमुख साक्षीदार स्त्री आहे. विचारलेला प्रश्न हानीचा आहे. ह्या चित्रपटाचा विरोधाभास असा की, पोर्नोग्राफीचा निषेध करण्यासाठी त्याने तिचे नमुने दाखविले, आणि त्यापायी ऑन्टॅरिओ प्रांताच्या सेन्सॉर मंडळाने त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनास परवानगी नाकारली. सेन्सॉरच्या कसोटीस दाखविण्याचा हेतू दिसत नाही. तिला केवळ दाखविलेले दिसते.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली बटलर खटल्यात हानीची कसोटी स्वीकारली. अश्लीलतेवरील निर्बंध नीतिरक्षणासाठी समर्थनीय नाही, समाजाची व विशेषतः स्त्रियांची हानी टाळण्यासाठी तो समर्थनीय आहे, असे त्याने सांगितले. परंतु तत्त्व बदलले तरी अंमल करणारे हात तेच राहिले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी समलिंगी वाचकांसाठी असलेल्या पुस्तकविक्रेत्यांचा माल विशेषत्वाने अडविला, आणि ह्यात पक्षपात झाल्याचे सर्वोच्च न्यायालयासच २००० साली ‘लिटल सिस्टर्स’ खटल्यात मान्य करावे लागले. शिवाय ह्या अनुबोधपटातील आपल्या चित्रणाविषयी खुद्द ट्रेसी ह्यांनी पुढे नाराजी व्यक्त केली. साक्षीदार बदलला म्हणजे प्रश्न संपूर्ण सुटतो, असे समजण्याचे कारण नाही.

भारतीय कायद्याच्या अभ्यासकास

अश्लीलतेचा कायदा व अनुबोधपट ह्यांची गाठ आपल्या देशातही पडलेली आहे. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ ह्या लघु अनुबोधपटात मुंबईतील वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. ती वगळल्यावाचून सर्वांसाठीचे प्रमाणपत्र देण्यास सेन्सॉरने नकार दिला, तेव्हा अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर १९७० च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला ह्यांनी चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनासंमत ठरविले; त्याबरोबरच कला व अश्लीलता ह्यांतील भेद स्पष्ट करणारे नियम असावेत, ह्यावरही भर दिला. तत्पूर्वी १९६४ साली, मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याच्या उदेशी खटल्यात, त्यांनीच हिक्लिन कसोटी काही मर्यादा घालून स्वीकारली होती. ती सोडून समकालीन सामाजिक मानदंडांची कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार खटल्यात २०१४ साली अंगीकारली. म्हणजे रॉथचा विचार येथे रुजण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

पण ह्या साऱ्या प्रवासातही दृष्टी प्रेक्षकावरच होती. चित्रित व्यक्तीचा प्रश्न कायद्यात आला तो निराळ्या वाटेने. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ वे कलम मजकूर कामुक आहे काय, असे विचारते. २००८ च्या दुरुस्तीने आलेले ६६-ई हे कलम व्यक्तीच्या गुप्त अंगांचे चित्र तिच्या संमतीवाचून घेतले वा प्रसृत केले काय, असे विचारते. अमेरिकेतही मे २०२५ मध्ये संमतीवाचून प्रसृत केलेल्या खाजगी चित्रांविरुद्ध संघीय कायदा झाला. त्यात कृतीच्या कलामूल्याचा वा समाजाच्या अभिरुचीचा विचार मध्यवर्ती नाही. केंद्रस्थानी चित्रित व्यक्तीची संमती आहे. बोरमन ह्यांनी १९८० साली मांडलेल्या गाऱ्हाण्याचे पूर्ण उत्तर ह्या कायद्यांत नाही, कारण प्रसारणाची संमती व कृत्याची संमती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. तथापि प्रश्न विचारण्याची जागा तरी आता निर्माण झाली आहे.

यावरून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा. ह्या विषयावरील अनुबोधपट पाहताना त्यात कोण बोलतो, ह्याची नोंद घेऊन न थांबता कोणास उलट प्रश्न विचारता येत नाही, ह्याचीही नोंद केली पाहिजे. त्यानंतर तो चित्रपट कायद्याचा कोणता प्रश्न गृहीत धरतो ते तपासावे. ‘इनसाइड डीप थ्रोट’ शासनास काय दाखवू देण्यास भाग पाडावे, असे विचारतो; ‘नॉट अ लव्ह स्टोरी’ दाखविल्याने कोणाचे काय बिघडते, असे विचारतो. दोन्ही प्रश्न योग्य आहेत. परंतु दाखविले जाण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या अलीकडे काय घडले, हा तिसरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पडद्यावर क्वचितच मिळते. त्यासाठी साक्षी, करारपत्रे, जबान्या व न्यायालयीन कागदपत्रे ह्यांचाच आश्रय करावा लागतो.